एरंडाची अळी आणि मुराळी सासरा

मी लिहायला बसलोय म्हणून आमच्या गावात हसू चाललंय. हसोत. शाळा मी पाहिली ती एक पावसाळा. मास्तर उर्दूत बोलायचा, मी मराठीत, आन् दोघांनाबी एकमेकाचं काही पटलं न्हाई. पुढं देवळाच्या भिंतीवर रंगवलेल्या अक्षरांवरून बाळबोध लिहिणं मी माझं मी शिकलो. तवा ह्यात एखादं अक्षर चुकलेलं दिसलं तर ते भिंतीचं समजावं, माझं न्हाई.

लिहायचं कारण इतकंच. मी सुनेला आणायला अंबडाच्या खाली गेल्तो, त्या प्रवासाच्या गोष्टी चावडीवर आता कुणीबी सांगतंय, आन् दर माणसागणिक ती अळी मोठी होत चाललीय. परवा एकानं तिला हातभर केली. अळी माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी होती. हात माझा सुजला, तवा तिची लांबी मीच सांगणार. ज्यांनी तो मुलूख पाहिला न्हाई त्यांनी हे वाचावं, आन् ज्यांनी पाहिला त्यांनी मधी बोलू नये.

घरून निघताना

आमचं गाव बदनापुराच्या उत्तरेला, माळावर. जमीन मुरमाड. बाजरी, थोडी तूर, आन् मेंढरं. आम्ही मूळचे मेंढरामागं फिरणारे. माझ्या बापानं नांगर धरला, तरी घोंगडी आमच्या खांद्यावरून काही उतरली न्हाई. थंडी असो, ताप असो, गारा असोत, आम्हाला औषध एकच: घोंगडी.

आमची सून धुरपदा महालक्ष्म्यांना माहेरी गेल्ती. माहेर तिचं लांब, कुंभार पिंपळगावच्या थोडं अलीकडं. सुनेला आणायला मुराळी म्हणून नवऱ्यानं जायचं, न्हाईतर दिरानं, अशी सगळीकडची रीत. पण माझा लेक सोपान मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं गेलेला, आन् दुसरा लेक देवानं मला दिला न्हाई. इकडं घट बसायचे दिवस जवळ आले. आमच्या घरी घटाची माती सुनेनंच आणायची असते. दुसऱ्या कुणी आणली तर आमची देवी ती घेत न्हाई.

म्हातारी म्हणाली, "तुम्हीच जा."

"सासरा मुराळी? कुठं पाहिलंस?"

"मंग न्हाई बसवत घट. देवीला तुम्ही सांगा."

देवीला काय सांगायचं? मी पटका बांधायला घेतला. तर म्हातारी पुन्हा म्हणाली, "जाताय, पण तिथं तोंड उघडून मागा. 'सून न्यायला आलोय, लावून द्या' असं म्हणा. ते लोक तिला दिवाळीपर्यंत ठेवायचं म्हणून राह्यलेत, तसा निरोप आल्ता. तुम्ही गप बसून राहाल आन् तसेच माघारी याल."

"मी दारात उभा राह्यलो की समजतील ते. आपल्याच सुनेसाठी हात पसरायचा का?"

"बघू," म्हणाली. तिचं हे 'बघू' मला फार लागतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत न्हाई. धुरपदा घरात आली त्याला बरीच वर्षं झाली, पण तिचा एक शब्द माझ्या नावानं कधी आला न्हाई. काही सांगायचं पडलं तर ती भिंतीला सांगते, चुलीला सांगते, आन् मी दारात बसलेला असलो तर दावणीच्या म्हशीला सांगते. "म्हशे, भाकरी झाल्या म्हणावं." मंग मी समजतो आन् उठतो. म्हैस बिचारी नुसती रवंथ करते.

जालना ते अंबड

बदनापूर टेसनावर गाडी उशिरा आली आन् जालन्याला जल्दी पोचली. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई. जालन्याच्या जकातीच्या नाक्यावर जवानानं माझं गाठोडं हातात धरून विचारलं, "क्यों बुढे, इसमें क्या है?"

मी म्हणालो, "भाकरी आन् लसणाची चटणी. बघायची का?"

त्यानं गाठोडं नाकाजवळ नेलं, ठसका लागला त्याला, आन् "जाव जाव" म्हणाला. आमच्या म्हातारीच्या चटणीला सरकारी माणूसबी बिलकुल अडवत न्हाई, हे मी अभिमानानं लिहितो.

तिथं मला एक बैलगाडी मिळाली. चाँदभाई म्हणून तांबोळी, पानांच्या डालग्या घेऊन कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघालेला. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला माझ्यापेक्षा जास्त. डालग्यांवर ओलं पोतं टाकलेलं, त्याचा गार वास येत होता. त्यानं माझं नाव विचारून मला पुढं बसवलं आन् म्हणाला, "हैबतीबुवा, सफर कशासाठी?"

"सहज," मी म्हणालो.

"इस उमर में सहज?"

मंग तोच बोलत राह्यला, ते थेट अंबडापर्यंत. अंबडाला त्याच्या ओळखीच्या ओट्यावर आम्ही टेकलो. तिथल्या माणसानं आम्हाला कुळथाचे शेंगोळे वाढले. आमच्याकडं शेंगोळे जाड वळतात, तिखट रस्सा, खाल्लं की कानातून धूर. तिकडले बारीक वळतात, आन् रश्श्यात चिमूटभर गूळ! मी दोनदा मागून घेतले, पण गूळ घालणं मला पसंत न्हाई, हे त्याला सांगूनच घेतले.

अंबड सोडलं की मुलूख बदलतो. आमच्याकडं खडा उचलून टाकावा तर खाली पुन्हा खडा. इकडं काळी माती, पाय रोवला तर मडक्यागत ठसा उमटतो. कपाशीला पिवळी फुलं. विहिरीवर मोटा चाललेल्या, मोटेवरचा माणूस गाणं म्हणतोय, आन् पाणी पाटातून असं निवांत चाललंय की जणू त्याला कुठं जायचंच न्हाई. आमच्याकडं पाणी दिसलं की माणूस पळत जातो. इकडं लोक पाण्याकडं बघतबी न्हाईत. मला त्यांचा थोडा राग आला, खरं सांगायचं तर.

एरंडाचा बांध

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं की बैलांनी माना टाकल्या. एका बांधाशी चाँदभाईनं गाडी सोडली. बांधावर एरंड माजलेला, माणसापेक्षा उंच. आमच्याकडं उन्हात पटक्याखाली एरंडाचं पान ठेवतात, डोकं गार राहातं. मी उठलो, आन् चार पानं एकदम मुठीत धरून ओढली.

अशी आग आली की मला वाटलं, पानामागं कुणी निखारा धरून बसलंय. हात झटकला. तळहातातून ती आग मनगटात, मनगटातून कोपरात, कोपरातून काखेत गेली. विंचू मला दोनदा चावलाय, त्याला मी ओळखतो. हा विंचू नव्हता. पान उलटं पडलं होतं, त्याच्या पोटाला ती चिकटून बसलेली. पानासारखीच हिरवीगार, पाठीवर निळसर पट्टा, आन् दोन्ही अंगांनी बारीक काट्यांचे झुबके, जशी वरातीला सजवलेली बैलजोडी. दिसायला देखणी होती. तिला काही झालेलंच नव्हतं. ती पान खाऊन राह्यली होती.

चाँदभाई धावत आला. "या अल्ला! काटेअळी! बुवा, चुना लावतो, थांबा. माझ्याकडं चुन्याची काय कमी?"

"चुना पानाला लाव," मी म्हणालो. "आम्हाला आमचं औषध हाय."

आमच्या माळावर तांबड्या केसाचा सुरवंट निघतो. तो अंगाला लागला तर आम्ही घोंगडीनं खसाखसा घासतो. लोकर खरबरीत, ती केस ओढून घेते आन् माणूस मोकळा होतो. बाप करायचा, आजा करायचा. मीबी तेच केलं. घोंगडीचा कोपरा धरला आन् तळहात असा घासला की म्हशीचं कातडं निघालं असतं.

आग दुप्पट झाली.

"बुवा, घासू नका, अंदर जाता है काटा," चाँदभाई म्हणाला.

"तुला पानातलं कळतं, लोकरीतलं न्हाई," मी म्हणालो, आन् आणखी घासलं. घोंगडी खोटी ठरवायला मी तयार नव्हतो. घासलं की क्षणभर बरं वाटायचं, मंग पहिल्यापेक्षा जास्त पेटायचं. मी म्हणालो, औषध लागू पडून राह्यलंय.

पुढं फाटा आला. चाँदभाईची वाट बाजाराची, माझी व्याह्याच्या गावची. तो म्हणाला, "मैं छोड के आता हूँ तुम्हाला गावापर्यंत."

"माझा हात सुजलाय, पाय न्हाई," असं म्हणून मी उतरलो.

थोडं अंतर चाललो, तर हात भाकरीच्या उंड्यासारखा झाला. वारा लागला तरी ठणकायचा. म्हणून मी डोक्याचा पटका सोडला आन् हाताला गुंडाळला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते मी रडत नव्हतो, ते आपोआप चाललं होतं. एवढं मात्र ठरवलं, की सोयऱ्याच्या गावात आपण ओरडायचं न्हाई. दात आवळले आन् चालत राह्यलो. दात उघडले असते तर ओरड निघाली असती, म्हणून उघडलेच न्हाईत.

व्याह्याचं दार

आता तुम्हीच डोळ्यापुढं आणा. पितरपाठाचे दिवस. मुराळी म्हणून लेक यायचा, त्याच्याऐवजी सासरा आलेला. डोकं उघडं, पटका हातात, डोळ्यांना धार, आन् तोंड गच्च मिटलेलं.

ओट्यावर व्याह्याची थोरली बहीण बसली होती, ठकूआत्या. शेंगा निवडत होती. तिनं मला पाहिलं, सूप खाली ठेवलं आन् उभी राह्यली. "पाव्हणं? तुम्ही सोता?"

मी मान हलवली.

"सोपान न्हाई आला?"

मी मान हलवली. सोपान आला नव्हताच, खोटं काय हलवलं?

तेवढ्यात आतून विहीणबाईंनी रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या आणून पुढं केला. आता तांब्या धरायचा उजव्या हातानं, आन् तो हात तर पटक्यात. डाव्या हातानं सोयऱ्याच्या घरचं पाणी घेणारा मी न्हाई. मी मान फिरवली.

आमच्या सगळ्या मुलखात सोयऱ्याच्या दारात पाणी न घेणारा माणूस एकच असतो: मयताची खबर घेऊन आलेला.

ठकूआत्यानं एकदम हंबरडा फोडला. "अगं माझ्या धुरपदे! कसं गं तुझं कपाळ! अरं माझ्या सोपाना रं, तरणाताठा गेलास रं!" तिचं ऐकून विहीणबाईंनी तांब्या टाकला आन् भिंतीला कपाळ टेकलं. शेजारच्या बाया पदर सावरत धावत आल्या आन् येताच त्यांनी सूर धरला. व्याही लिंबाजी गोठ्यातून पळत आला, मला पाहिलं आन् मटकन खालीच बसला. मला काही समजेना. मला वाटलं, ह्यांच्याच घरी कुणी गेलंय, आन् आपण भलत्या वेळी आलो. म्हणून मीबी खाली मान घालून बसलो. शहाणा माणूस दुसरं काय करील?

मंग धुरपदा आली.

पाण्याला गेल्ती ती. घागर तिच्या डोक्यावर तशीच. तिनं त्या रडणाऱ्या बाया पाहिल्या, मला पाहिलं. घागर खाली ठेवली ती कशी ठेवली माझ्या ध्यानात हाय, एक थेंब सांडू दिला न्हाई. पदर पुढं ओढायचं मात्र ती विसरली. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राह्यली, आन् माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "मामंजी, तोंड उघडा. तुमचा लेक कसा हाय?"

इतक्या वर्षांत तिचा माझ्या नावानं आलेला हा पहिला शब्द. माझे दात आपोआप सुटले.

"धडधाकट हाय," मी म्हणालो. "डोंगराकडं मेंढरं चारून राह्यलाय."

"मंग रडता कामून?"

"मला अळी चावली."

ठकूआत्याचा हंबरडा अर्ध्यातच अडकला होता, तो तिनं गिळला, पदरानं नाक पुसलं आन् सुरू झाली. "अहो अळी चावली तर अळी चावली म्हणावं! जिता जावई मारला माझा! माझ्या गळ्याच्या शिरा तुटल्या, त्या कोण भरून देणार? एवढं थोरलं धूड, आन् अळीपायी पटका सोडतंय!"

"आत्याबाई, तुम्ही विचारायला सवड दिली का?" मी म्हणालो.

"पाणी का घेतलं न्हाई?"

"हात बघा की माझा!"

मी पटका सोडला. हात पाहून बाया 'अगं बाई' म्हणाल्या, आन् मंग एक हसली, तिचं पाहून दुसरी, आन् जेवढ्या रडायला आल्या होत्या तेवढ्या सगळ्या हसत घरी गेल्या. लिंबाजी मात्र हसला न्हाई. त्यानं नुसता माझा खांदा दाबला. धुरपदा तिथून आत गेली होती. आतून चुलीपाशी कुणी हुंदका दिल्यासारखं ऐकू आलं. ती हसून राह्यली होती का रडून, ते मी विचारायला गेलो न्हाई.

कुंकवाचं मेण

मला ओट्यावर बसवलं. ओट्यालगत त्यांची म्हैस बांधलेली. माझ्या हाताला पुन्हा आग आली, म्हणून मी घोंगडीचा कोपरा हातात घेतला. तर दाराआडून आवाज आला. पदर आता पुन्हा पुढं होता.

"म्हशे, चोळू नको म्हणावं. चोळून काटे आत गेलेत."

मी म्हशीकडं पाहिलं. "म्हशे, आमच्यात चोळतात म्हणावं."

"म्हशे, तिकडला सुरवंट केसाळ असतो, ही काट्याची अळी हाय म्हणावं. हिचे काटे मोडून कातड्यात राहातात, त्यांच्यात जहर असतं. आमच्या इथं पोरासोरांना दरसाल लागते ही. आधी काटे उपसायचे असतात."

लिंबाजी म्हणाला, "बराबर हाय पाव्हणं. इकडं आम्ही मेणानं उपसतो."

मेण कुठलं, तर बायकांच्या कुंकवाच्या करंड्यातलं. बाया कपाळाला आधी मेणाचं बोट लावतात आन् त्यावर कुंकू टेकतात, ते मेण. विहीणबाईंनी करंडा आणून ठेवला, तर मी हात मागं घेतला. म्हणालो, "बाईच्या कुंकवाचं मेण पुरुषाच्या हाताला? माझा हात राहू द्या तसाच."

ठकूआत्या अजून तापलेलीच होती. ती म्हणाली, "लावून घ्या! वरून कुंकूबी लावते, म्हंजे उद्या गावात मिरवा."

लिंबाजीनं मेण बोटांत मळून मऊ केलं, चपटं केलं आन् माझ्या तळहातावर दाबलं. मला ब्रह्मांड आठवलं. मंग त्यानं ते ओढलं, पण भिऊन भिऊन, जशी निजलेल्या लेकराच्या अंगावरची माशी उडवावी. एकबी काटा निघाला न्हाई. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. नांगराची बोटं त्याची, त्यांना हे काम कुठून जमणार?

"म्हशे, झटकन ओढ म्हणावं," दाराआडून आलं. मंग, "म्हशे, तसं न्हाई. एका अंगानं उचलून ओढ म्हणावं." मंग थोड्या वेळानं बापाला, "अगं म्हशे, दादांना बाजूला हो म्हणावं!"

आन् ती बाहेरच आली. पदर दातात धरलेला, नजर खाली. माझा हात तिनं मांडीवरच्या फडक्यावर घेतला, मेण दाबलं आन् एका अंगानं झटकन ओढलं. मी ओरडलो. होय, ओरडलो. सोयऱ्याच्या गावात ओरडायचं न्हाई हे ठरवलं होतं, पण तिथपर्यंत आधीच एवढा गोंधळ झाला होता की एका ओरडीनं काय बिघडणार? तिनं मेण उजेडाकडं धरलं. त्यात कुसळापेक्षाबी बारीक काटे उभे होते, मिशीच्या खुंटासारखे. पुन्हा नवं मेण, पुन्हा झटका. असं करत करत मेणात काटे यायचे थांबले. मंग विहिरीचं गार पाणी धारेनं हातावर सोडलं, पापडखार पाण्यात कालवून त्याचा लेप दिला, आन् ओलं फडकं गुंडाळलं.

सगळी आग एकदम गेली न्हाई. पण ती आधी माझ्यावर बसली होती, ती आता शेजारी बसली. एवढा फरक पडला.

मी म्हशीला म्हणालो, "घोंगडीबी वाईट न्हाई म्हणावं." म्हैस वैरणीकडं वळली.

कण्या आणि 'सहज'

हाताला बांधलेलं, त्यामुळं भाकरी मोडता येईना. डाव्यानं मी खाणार न्हाई हे विहीणबाईंनी ओळखलं असावं. त्यांनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताक घालून पातळ केल्या, आन् वाटीत दिल्या. वाटी दोन तळव्यांत धरून प्यायची. आमच्याकडं कण्या आजारी माणसाला देतात, आन् घट्ट, मिठाच्या खड्याबरोबर. इकडं ताकात जिरं आन् कोथिंबीर. मी म्हणालो, "आजारी माणसाचं जेवण एवढं चांगलं करू नये, तो बरा व्हायचा न्हाई."

लिंबाजीनं दुसऱ्या दिवशी मला मळा दाखवला. ऊस, केळीची चार खुंटं, विहीर. विहिरीत वाकून पाहिलं तर हाताशी पाणी. त्याला वाटलं मी काही बोलीन. मी म्हणालो, "आमच्याकडं वारा चांगला हाय."

मंग बांधावर बसल्यावर त्यानं विचारलं, "पाव्हणं, आता सांगा. कसं येणं केलं?"

म्हातारीचे शब्द माझ्या कानात होते. तोंड उघडून मागा. उघडलं, आन् त्यातून निघालं, "सहज."

"एवढ्या लांब सहज?"

"तुमची खुशाली घ्यावी म्हणालो."

"चांगलं केलं." तो थोडा वेळ ढेकूळ फोडत बसला. मंग म्हणाला, "आम्ही पोरीला दिवाळीपर्यंत ठेवावं म्हणतो. तिच्या मायचं मन हाय. तुमचं काही अडत नसलं तर."

घट समोर आला माझ्या. घटाची रिकामी परडी आली. 'अडतंय' असा एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हणाला, 'तुमचं अडत नसलं तर.' हैबतीचं अडतं असं मी व्याह्याच्या उसाच्या बांधावर बसून सांगायचं? म्हणालो, "आमचं काय अडतंय?"

म्हणालो, आन् जीभ चावली. ती अळीपेक्षा जास्त लागली.

त्या दिवसभर मी त्या शब्दाभोवती फिरलो. जेवताना म्हणायचं ठरवलं, तर ठकूआत्या समोर. चहा त्यांच्याकडं नवाच आल्ता, गुळाचा, तो पिताना म्हणायचं ठरवलं, तर तो इतका गरम की तोंडच भाजलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं, न्हाईतर घटाच्या आत घर गाठणं जमलं नसतं. माझ्यापुढं आता दोनच वाटा. एकतर माघारी जाऊन म्हातारीचं 'बघू' खरं करायचं, आन् तेबी देवीसमोर. न्हाईतर मागायचं.

निघताना

उजाडायला लागलं होतं. हाताची सूज उतरली होती, बोटं वाकत होती. मी माझा मी पटका बांधला, घोंगडी घेतली आन् ओट्यावर आलो. घरात सगळे उठलेले, आत भांडी वाजत होती. धुरपदा म्हशीखाली बसली होती, धार काढून राह्यली होती. मी आल्याचं तिला समजलं, कारण तिनं पदर ओढला.

मी म्हशीपुढं जाऊन उभा राह्यलो. घसा खाकरला.

"म्हशे," मी म्हणालो, "जरा सांग म्हणावं. आमच्या घरी घट बसायचाय, आन् माती आणायला कुणी न्हाई. म्हातारीचे गुडघे धरलेत. सुनेबिगर आमचा घट बसणार न्हाई म्हणावं." आणखी एक गोष्ट राह्यली होती. "आन् घर सुनं पडलंय म्हणावं. आमच्या म्हशीलाबी करमत न्हाई."

धारेचा आवाज थांबला. मला वाटलं, हिला हे पटलं न्हाई का? मंग चरवीत पुन्हा एक धार पडली.

"म्हशे," ती म्हणाली, "गाठोडं महालक्ष्म्या उठल्या त्याच दिवशी बांधून ठेवलंय म्हणावं. कुणी मागायला यायची वाट होती."

मागं दारात लिंबाजी उभा होता. कधीचा उभा होता देव जाणे. त्यानं डोळे पुसले आन् मला म्हणाला, "पाव्हणं, मला म्हणाला असता तर मी न्हाई म्हणालो असतो का?"

"तुम्ही म्हैस न्हाईत," मी म्हणालो.

विहीणबाई थोडं रडल्या. ठकूआत्या म्हणाली, "ह्या वेळेला खरं रडायचंय, पण आवाजच राह्यला न्हाई बाई माझा." लिंबाजीनं फाट्यापर्यंत गाडी जुंपली, आन् तिथं बाजाराहून परतणारा चाँदभाई भेटला. रिकाम्या डालग्यांमधी आम्हाला जागा झाली. मला बघून त्यानं पहिलं विचारलं, "बुवा, हात? चुना लावला का शेवटी?"

"मेण लावलं," मी म्हणालो. "चुना पानालाच बरा."

जालन्याला गाठोडं उतरवायला मी हात घातला तर ते हलेना. तिथं म्हैस नव्हती, म्हणून मी बैलाला विचारलं, "एवढं जड काय हाय म्हणावं?"

धुरपदा पदराआडून म्हणाली, "घटाची माती हाय म्हणावं. दादांच्या मळ्यातली. तिकडल्या मुरमात घट नीट उगवत न्हाई."

आमच्या जमिनीला नाव ठेवलं होतं. मी ऐकून घेतलं. गाठोडंबी मीच उचललं, बरा झालेल्या हातानं.

घरी म्हातारी दारातच होती. सुनेला पाहिलं, मला पाहिलं. "मागितलं का तोंड उघडून?"

"मागितलं."

"कुणाला?"

मी पटका सोडायला लागलो. धुरपदा सासूच्या पाया पडली आन् तिच्या कानात काहीतरी बोलली, आन् म्हातारी जी हसत खाली बसली ती उठेना. तिच्यापासूनच ही गोष्ट चावडीवर गेली, हे मला पक्कं ठाऊक हाय.

घट त्या सालासारखा पुन्हा उगवलेला न्हाई. दाट, हिरवागार, वीतभर. आमची देवी तृप्त झाली असणार. धुरपदेनं आमच्या घरात कुंकवाचा एक जास्तीचा करंडा ठेवलाय, त्यात कुंकू न्हाई, नुसतं मेण. गावात कुणाला सुरवंट लागला तरी आता लोक आमच्याकडं येतात, आन् मी त्यांना आधी घोंगडी लावून बघा असं सांगतो, पण कुणी ऐकत न्हाई.

ती अजून दर उन्हाळ्यात बजावते, "म्हशे, एरंडाला हात लावू नका म्हणावं." मी लावतो. पटक्याखाली पान ठेवल्याबिगर मला चालवत न्हाई. मात्र आधी ते काडीनं उलटं करून बघतो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं न्हाई. फक्त म्हशीला सांगितलंय.